गुरुवारची घोणस

आमच्याकडे सुट्टी रविवारी नसते. चिखली, तळवडे, पार चाकणपर्यंतच्या छोट्या कारखान्यांच्या बहुतेक शेडमध्ये ती गुरुवारची. लग्न होऊन आले तेव्हा मला याचा भारी राग यायचा. नात्यातली सगळी लग्नं, बारशी, जावळं रविवारी, आणि नवरा तेव्हा मशीनवर उभा. गुरुवारी तो मोकळा, तर बाकीचं जग कामाला गेलेलं. मग या लोकांनी दिवस काढायचा कसा? आमच्या चाळीतल्या गड्यांनी आपापली सोय लावून घेतली होती. फॅब्रिकेशनवाले दोघं भाऊ चहा झाला की पत्ते कुटत बसायचे, ते जेवायची हाक येईपर्यंत. गाड्यांना रंग मारणारा एक जण भजनी मंडळात पखवाज वाजवायचा आणि गुरुवारी आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर रियाज करायचा. कोपऱ्यातल्या खोलीतला इलेक्ट्रिशियन निव्वळ झोपायचा. त्याची बायको सांगायची, आमचे हे स्वभावानं फार शांत. काही जण बैलगाड्यांच्या शर्यती बघायला घाटावर जायचे, काही दुपारपासूनच प्यायचे.

माझा नवरा साप धरायचा.

समोर मी त्याला अहो-जाहो करते, पण लिहिताना तो 'तो'च राहणार. त्यानं आम्हाला जे दाखवलं, त्यानंतर एवढी सूट मी घेतलीच आहे.

तो टर्नर आहे. लेथ मशीनवर लोखंड फिरवायचं आणि त्यातून गोल भाग कातून काढायचे, हे त्याचं काम. केसभर फरक पडला तर माल परत येतो, आणि बरोबर आला तर कोणी काही बोलत नाही. दिवसभर मान खाली. मग संध्याकाळी फोन येतो, एखाद्या कंपनीच्या स्टोअरमध्ये साप निघालाय. हा कपडेही न बदलता निघतो. ज्या गेटवर एरवी वॉचमन याचा डबा उघडून बघेल, त्याच गेटवर साहेब लोक घामाघूम होऊन याची वाट बघत असतात. गर्दी बाजूला होते, मोबाइल वर होतात. साप बरणीत गेला की चहा येतो, तोसुद्धा कपबशीत. मी हे त्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकलंय की मला पाठ आहे. चार लोकांनी आपल्याला वाट करून द्यावी असं माणसाला वाटतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण त्याला सापच कशाला पाहिजे? पखवाज काय वाईट होता?

मला सापाची भीती वाटते. किळस नाही, भीती. त्याचा फोन वाजला की मी आधी घड्याळ बघायचे. तो गाडी काढून गेला की मी शिवणाच्या मशीनवर बसायचे, कारण मी ब्लाउज शिवते आणि हात चालू राहिला तर डोकं गप्प राहील असं वाटायचं. राहायचं नाही. तो आता कुठल्या पत्र्याखाली हात घालत असेल, हेच डोळ्यांपुढे. एकदा एका बाईच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. तिनं विचारलं तेव्हा काय सांगू? नवरा नागाला धरायला चऱ्होलीला गेला होता म्हणून? तो यायचा, हातपाय धुवायचा आणि म्हणायचा, अगं, काही नसतं, आपण त्याला घाबरवलं नाही तर तो आपल्याला काही करत नाही. मग मला घाबरवलेलं चालतं वाटतं, असं मी म्हणायचे. तो हसायचा. त्याला भीती म्हणून वाटायचीच नाही, आणि मला सगळ्यांत जास्त राग त्याचाच यायचा. एकदा, फक्त एकदा याचं पाणी पाणी होऊ दे, असं मी देवासमोर हात जोडून मागितलंय.

पोरगी झाली तेव्हा मी एकच अट घातली. साप घरात आणायचा नाही. धरला की लगेच वनखात्याच्या माणसाकडे द्यायचा, उशीर झाला तर त्याच्या मित्राच्या शेडवर ठेवायचा. हा मित्र वेल्डर, त्यानंच याला साप धरायला शिकवलेलं. नवऱ्यानं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून कबूल केलं. वर्षभर त्यानं ते पाळलंही.

त्या गुरुवारी तो सकाळी दूध आणायला म्हणून बाहेर पडला. दूध म्हणजे टपरीवर चहा, चहा म्हणजे गप्पा, हे मला माहीत होतं. मी धुणं गोळा करायला घेतलं. आमच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत कॉट, कपाट आणि माझं मशीन, आत स्वयंपाक, आणि स्वयंपाकाच्या कोपऱ्यातच मोरी. पोरगी नुकती चालायला लागलेली, त्यामुळे माझा गाऊन धरून मागे मागे. मोरीत बादलीमागे त्याचा ओला पंचा पडला होता. बघा, पंचासुद्धा वाळत घालवत नाही या माणसाला, असं पुटपुटत मी तो ओढला.

पंचाखाली बरणी होती. आडवी ठेवलेली, प्लास्टिकची, जाड. तिला हवेसाठी भोकं त्यानंच कंपनीत ड्रिल मशीनवर पाडली होती, एकसारखी, कडा घासून साफ केलेली. त्या भोकांचं त्याला कौतुक होतं. आत घोणस होती. अंगावर साखळीसारखे गोल ठिपके. पंचा निघाला तशी ती फुत्कारायला लागली, कुकरची शिट्टी अर्धवट अडकल्यावर येतो तसा लांबलचक आवाज. मी तशीच उभी राहिले. तिच्या अंगाखाली काहीतरी सुतळीच्या तुकड्यांसारखं पसरलं होतं. ते तुकडे हलत होते. त्यांच्याही अंगावर तेच ठिपके होते. एका भोकातून त्यातलं एक अर्धं बाहेर आलं होतं, आणि एक पूर्ण बाहेर येऊन मोरीच्या कट्ट्याला लागून पडलं होतं, माझ्या पायापासून वीतभर.

मला ओरडता येईना. तोंड उघडलं पण आवाजच फुटला नाही. मग मला जाणवलं की गाऊन कोणी धरलेला नाही. मागे वळून बघितलं तर पोरगी ओट्याखाली डब्यांच्या झाकणांत बसली होती, आणि एक झाकण तोंडात घालून माझ्याकडे बघून हसत होती. तिच्यात आणि माझ्यात चार फरशा असतील. त्या फरशांवर काय आहे आणि काय नाही, हे बघायचं धाडस मला झालं नाही. मी उडी मारली, तिला एका हातानं उचललं, आणि थेट बाहेर अंगणात जाऊन थांबले.

तिथं मी तिचे सगळे कपडे काढले. अंगणात, सगळ्यांसमोर. झबलं झटकलं, चड्डी झटकली, केसांत बोटं घालून बघितलं. आणि डाव्या पोटरीवर मला दोन लाल ठिपके दिसले, शेजारी शेजारी.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. शेजारच्या काकू धावत आल्या. त्या इथल्याच गावच्या, चिखलीत शेतं होती तेव्हापासूनच्या. त्यांनी पोरीचा पाय उन्हात धरून बघितला आणि म्हणाल्या, "डास हाय त्यो. रडू नगंस. पोर बघ कशी खेळतीया." मी ऐकायच्या मनःस्थितीत नव्हते. डास दोनच ठिकाणी, इतका मोजून मापून चावतो होय? मी तो पाय हातातून सोडला नाही. दर क्षणाला तो सुजतोय असं वाटायचं, मग उजवा पाय बघायचे, तोही तेवढाच वाटायचा.

कोणीतरी नवऱ्याला टपरीवरून बोलावून आणलं. तो दुधाची पिशवी हातात घेऊन पळत आला. मी तोंडाला येईल ते बोलले, इथं लिहिण्यासारखं नाही. त्यानं पिशवी खाली टाकली. पोरीचा पाय बघितला, ठिपके दाबून बघितले, मोबाइलच्या टॉर्चनं परत बघितले आणि म्हणाला, हा डासच आहे. पण हे म्हणताना त्यानं माझ्याकडे बघितलं नाही. मग त्यानं सांगितलं की ती घोणस आदल्या संध्याकाळी एका गोडाऊनमधून धरली होती. वेल्डर मित्राचं शेड बंद होतं, वनखात्याच्या माणसानं सकाळी घेऊन ये म्हटलं होतं, म्हणून एकाच रात्रीपुरती. मी झोपले होते म्हणून बोलला नाही. पोट फुगलेलं बघून त्याला वाटलं, हिनं मोठा उंदीर खाल्लाय. आणि हाच माणूस शाळाशाळांतून पोरांना सांगत फिरायचा की लक्षात ठेवा, घोणस अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं घालते, आणि पिल्लाला जन्मापासून विष असतं.

"किती असतात?" मी विचारलं.

"वीस असतात," तो म्हणाला, "चाळीससुद्धा असतात. सांगता येत नाही."

एक साप असतो, तो सापडला की संपतं. इथं बरणीत कितीही सापडली तरी बाहेर किती गेली ते सांगणारं कोणी नव्हतं. उद्या, परवा, पुढच्या महिन्यात पोरगी कॉटखाली चेंडू काढायला वाकली तर? त्या खोलीत परत तिला खाली कधी सोडायचं, हे मला कोण सांगणार होतं?

तो आत गेला. बरणीच्या सगळ्या भोकांना चिकटपट्टी लावली, बाहेरची दोन चिमट्यानं धरली, मोरीच्या जाळीवर फरशी ठेवली. मग सामान बाहेर काढायला सुरुवात झाली. तो गुरुवार असल्यानं चाळीतले सगळे गडी घरातच होते, आणि मला आजही नवल वाटतं, एकानंही काढता पाय घेतला नाही. पत्ते तसेच टाकून दोघा भावांनी कपाट उचललं. कपाटाखालून एक पिल्लू निघालं, तेव्हा त्यातला मोठा कपाट हातात धरूनच डोळे मिटून उभा राहिला, पण त्यानं ते खाली टाकलं नाही. पखवाजवाल्यानं ट्रंका काढल्या. झोपाळू इलेक्ट्रिशियन बनियनवर आला आणि त्यानं मेन स्विच बंद करून वायरिंगच्या पट्ट्या खोलल्या, कारण पट्टीमागच्या फटीत बोटभर जीव सहज बसेल असं त्याचं म्हणणं. पायांत गमबूट, सेफ्टी शूज, जे असेल ते. बाया सगळ्या ओट्यांवर, कॉटवर पाय वर घेऊन बसलेल्या.

मी उंबऱ्याबाहेर उभी राहून बघत होते. एकदा मशीनच्या पायाजवळ मला निळसर वेटोळं दिसलं आणि मोरीत अडकलेली किंकाळी अखेर फुटली. नवऱ्यानं वाकून ते उचललं. लेथवर लोखंड कातताना जी गोल गोल साल निघते ना, ती होती, त्याच्या बुटाला चिकटून घरात आलेली. एरवी मी रोज अशी दोन-चार झाडून काढते. कोणी हसलं नाही.

शेवटी माझं चिंध्यांचं गाठोडं राहिलं. ब्लाउजच्या कापडांचे उरलेले तुकडे मी वर्षभर साठवते, गोधडीसाठी. ते गाठोडं मशीनखालीच असायचं आणि पोरगी त्यात लोळायची. इलेक्ट्रिशियन म्हणाला, जाळून टाकू सरळ. नवऱ्यानं ऐकलं नाही. आत असतील तर ती उचलताना पडतील, मला एकेक तुकडा बघू दे, म्हणाला. सगळ्यांना बाहेर काढून तो एकटाच आत बसला. जरा वेळानं गाठोडं घेऊन बाहेर आला, म्हणाला, यात एक होतं, धरलं. मग डाव्या हाताला रुमाल गुंडाळत परत आत गेला. पत्रा लागला, असं जाता जाता म्हणाला. पुढचा बराच वेळ तो कॉटच्या फळ्या खोलत होता, फरशीच्या फटी तारेनं उकरत होता. घामानं शर्ट चिंब झाला होता. बाप दिसला म्हणून पोरीनं त्याच्याकडे हात पसरले, तर तो मागे सरकला आणि खेकसला, "लांब घेऊन जा तिला." ती रडायला लागली. इतका सगळा घोळ स्वतःच घालून वर पोरीवर डाफरतो, म्हणून माझ्या मनात त्याच्याविषयी काय काय आलं, ते मला आठवतंय.

तेवढ्यात कोणीतरी फोन करून बोलावलेला वेल्डर मित्र आला. त्यानं गाडी लावली, खोलीत डोकावला, आणि पिल्लांकडे न बघता नवऱ्याकडेच बघत राहिला.

"भावा, हात दाखव," तो म्हणाला.

पत्रा लागलाय, नवरा परत म्हणाला. मित्रानं त्याचं मनगट धरलं आणि रुमाल ओढला. करंगळीशेजारचं बोट वांग्याच्या रंगाचं झालं होतं आणि सूज तळहातावरून वर निघाली होती.

कधी चावलं, असं मित्रानं विचारलं. गाठोड्यात, तो म्हणाला. म्हणजे कॉट खोलायच्या आधी. फटी उकरायच्या आधी. मी त्याच्यासमोर उभी होते आणि मला काही कळलं नव्हतं. मी म्हटलं, अहो, तुम्ही बोलला का नाहीत? तर तो माझ्याकडे बघून म्हणाला, "मी बोललो असतो तर मला घेऊन गेले असते. मग खोली कोण बघणार होतं? तिथंच खेळते ती."

साप चावला तर क्षणभर घालवू नका, पळू नका, लपवू नका. हे तो ज्या सुरात शाळेत सांगायचा तो सूरसुद्धा मला पाठ आहे. त्याला साप कळत होते, विष कळत होतं, आणि तरी तो विष अंगात घेऊन फरशा उकरत बसला. मला तेव्हा त्याच्या दोन थोबाडीत द्याव्यात आणि त्याला मिठी मारावी असं दोन्ही एकदम वाटत होतं. मी दोन्हींतलं काही केलं नाही. मी काकूंकडे पोरीला दिलं आणि पखवाजवाल्याच्या टेम्पोत त्याच्या शेजारी बसले. वाटेत त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. तो ते गिळत होता, मला दिसू नये म्हणून.

महापालिकेच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टर मुलगी वयानं माझ्याएवढीच असेल. तिनं आरडाओरडा केला नाही, शांतपणे कामाला लागली. त्याचं थोडं रक्त तिनं काचेच्या नळीत घेतलं आणि टेबलावर उभं ठेवलं. वीसेक मिनिटं नळीला कोणी हात लावायचा नाही, म्हणाली. रक्त गोठलं तर ठीक, नाही गोठलं तर विष भिनलंय. मी त्या नळीसमोर स्टुलावर बसले. तो कॉटवर, मी स्टुलावर, आणि मध्ये ती नळी. त्याही वेळी माझा अर्धा जीव चिखलीत होता. मी काकूंना सारखा फोन करत होते, तिचा पाय बघा. काकू म्हणायच्या, बघितला. मी म्हणायचे, परत बघा.

डॉक्टरनं नळी उचलून तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं.

तिनं लगेच सलाइनमधून औषध सुरू केलं. मी तिला पोरीच्या ठिपक्यांचंही सांगितलं. मला वाटलं ती मला वेड्यात काढेल. तिनं काढलं नाही. पोरीला आत्ताच्या आत्ता आणा, म्हणाली. वेल्डर मित्रानं काकूंना आणि पोरीला गाडीवर बसवून आणलं. एवढ्याशा हातातून रक्त काढताना पोरीनं सगळा वॉर्ड डोक्यावर घेतला. नवऱ्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं. मग दुसरी नळी त्याच टेबलावर उभी राहिली, माझ्या हाताएवढ्या अंतरावर, आणि मला परत त्याच स्टुलावर बसायचं होतं. या वेळी मी नळीकडे बघूच शकले नाही. मी नवऱ्याकडे बघत राहिले. त्याचे ओठ पांढरे पडले होते. तो त्या नळीकडे डोळे न मिटता बघत होता आणि त्याचा उजवा पाय चादरीखाली थरथर कापत होता. इतक्या वर्षांत मी त्याला पहिल्यांदा घाबरलेलं बघितलं.

डॉक्टरनं पोरीची नळी आडवी केली. रक्त जागचं हललं नाही. तिनं नळी पूर्ण उलटी करून दाखवली, तरी नाही. डासच होता.

नवरा तेव्हा रडला. हाताची सूज कोपरापर्यंत आली होती, तिच्यासाठी तो रडला नव्हता.

तो वाचला. बरेच दिवस काढावे लागले, किडनीची भीती घातली गेली, पण वाचला. बोट राहिलं, फक्त आता ते पूर्ण मिटत नाही. घोणस आणि सापडलेली पिल्लं वनखात्यानं नेली. वेल्डर मित्रानं आणि चाळीतल्या गड्यांनी ती खोली पार भिंतींपर्यंत उकरली आणि शपथेवर सांगितलं की आता काही नाही. आम्ही थोडे दिवस माझ्या भावाकडे राहून परत आलो. चाळीच्या मालकानं फरशी नवीन घालून दिली. मी पोरीला कडेवर घेऊन आत गेले. तो उंबऱ्यातच उभा राहिला.

आधी तू बघून घे, म्हणाला. मी बघितलं. परत बघ, म्हणाला.

मग हे रोजचंच झालं. तो पोरीचे बूट उपडे करून आपटायचा, गादी वर करायचा, मोरीच्या जाळीवर दगड ठेवायचा. चाळीमागे गवत आहे, तिथं सगळी पोरं खेळतात, हिला तो जाऊ द्यायचा नाही. गुरुवारी कुठं जायचा नाही. पत्तेवाले बोलवायचे, हा दारात खुर्ची टाकून गवताकडे बघत बसायचा. फोन आला की पालथा घालून ठेवायचा. मी जे देवाकडे मागितलं होतं ते अगदी पुरेपूर मिळालं होतं. नवरा गुरुवारी घरी, फोन पालथा, साप नाही. आणि मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. आधी एकटी मी घाबरायचे आणि तो हसायचा. आता दोघंही घाबरलेले, मग पोरीनं बघायचं कोणाकडे?

मध्ये दिवाळी होऊन गेली. अशाच एका गुरुवारी, दुपारी, फोन वाजत राहिला. त्यानं उचलला नाही. परत वाजला. त्यानं तो माझ्या हातात दिला आणि म्हणाला, सांग, घरी नाही. मी कानाला लावला. पलीकडे एक बाई होती. चऱ्होलीच्या नव्या बिल्डिंगमधून, तळमजल्यावरून. तिच्या तोंडातून आवाज नीट फुटत नव्हता. बाळ आतल्या खोलीत पाळण्यात झोपलंय, ताई, आणि साप पाळण्याखाली आहे, मला आत जाता येईना.

तो आवाज मला माहीत होता. मोरीत उभी असताना माझ्या तोंडातून निघाला असता तर असाच निघाला असता.

मी फोन स्पीकरवर टाकून त्याच्यासमोर धरला. त्यानं मान हलवली, नाही. त्यानं वेल्डर मित्राला माझ्या फोनवरून लावलं, तो गावी गेलेला, फोन लागेना. बाई रडत होती. त्याचा पाय परत कापायला लागला, हॉस्पिटलात कापत होता तसाच. मग तो फोनजवळ वाकला आणि हळू आवाजात म्हणाला, "ताई, आत जाऊ नका. दारात उभ्या राहा आणि त्याच्यावरची नजर काढू नका. मी निघालो."

त्यानं बूट झटकले, दोनदा. काठी घेतली, पिशवी घेतली. दारापर्यंत गेला आणि थांबला. मला वाटलं, हा आता परत फिरणार.

"तू पण चल," तो म्हणाला. "माझ्याच्यानं एकट्याला होणार नाही."

मी पोरीला काकूंच्या ओटीवर ठेवलं आणि त्याच्या मागे गाडीवर बसले. मला सापाची भीती वाटते, हे मी आधीच सांगितलंय. ती कमी झालेली नाही. आळंदी रस्त्याला गाडी लागली तेव्हा मी त्याच्या कमरेला घट्ट धरलं, आणि शर्टातून मला कळलं की तो थरथरतोय. मीही थरथरत होते. त्यानं गाडीचा वेग वाढवला.